योनिमार्गे प्रसूतीतील गुंतागुंत

योनिमार्गे प्रसूती होत असताना किंवा झाल्यानंतर आई व बाळ यांना संभवणाऱ्या इजा, विकार आणि जीवघेण्या अवस्था. दिवस पूर्ण भरलेल्या व बाळाचे डोके खाली असलेल्या निरोगी स्त्रीची प्रसूती बहुधा सुखरूप होते, आणि पोटावर शस्त्रक्रिया नसल्याने बाळंतीण लवकर हिंडूफिरू लागते. तरीही गरोदरपणी कोणताही दोष न आढळलेल्या स्त्रीवरही ऐन वेळी संकट ओढवू शकते. त्यामुळे जोखमीची व बिनजोखमीची अशी आधीच केलेली विभागणी उपयुक्त असली, तरी पुरेशी ठरत नाही.

आईच्या जिवाला सर्वांत मोठा धोका प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा असतो. पहिल्या २४ तासांत ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्त गेल्यास तो झाला असे रूढ व्याख्येनुसार मानतात. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असते. वार सुटल्यावर गर्भाशय आवळतो आणि त्याच्या स्नायूंच्या पकडीत उघड्या रक्तवाहिन्या मिटतात. लांबलेल्या कळा, जुळी किंवा वजनदार बाळे, आत राहिलेला वारेचा तुकडा यांमुळे तो सैल राहिला, तर काही मिनिटांत बाळंतीण अत्यवस्थ होते. म्हणूनच बाळ जन्मताच गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देतात. रक्तस्राव सुरू झालाच, तर ट्रानेक्झामिक आम्ल हे रक्ताची गुठळी टिकवून धरणारे औषध तीन तासांच्या आत द्यावे लागते. चादरीत मुरलेले रक्त डोळ्यांच्या अंदाजात हमखास कमी भरते, त्यामुळे ते मोजणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

पहिलटकरणीला योनिद्वाराजवळ थोडीफार फाट पडणे नेहमीचे आहे. फाटीच्या चार श्रेणी मानतात. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीत गुदद्वाराचा स्नायूही फाटतो, आणि ती वेळीच ओळखून नीट शिवली नाही तर वायू व मलावरील ताबा जातो. फाट टळावी म्हणून प्रत्येक पहिलटकरणीला सरसकट छेद देण्याची जुनी पद्धत आता योग्य मानली जात नाही. खोकताना लघवी सुटणे किंवा पुढे अंग बाहेर येणे हे त्रास संकोचापायी वर्षानुवर्षे लपवले जातात, त्यामुळे नोंदींत ते खऱ्यापेक्षा कमी दिसतात. बाळंतज्वराचे प्रमाण मात्र हात धुण्याच्या शिस्तीने आणि प्रतिजैविकांनी पुष्कळ घटले आहे; व्हिएन्नात डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये ही शिस्त लावली.

बाळाच्या बाबतीत मुख्य भय प्राणवायू कमी पडण्याचे असते. नाळ डोक्याआधी खाली घसरल्यास किंवा कळा अडून राहिल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास द्यावा लागतो. डोके बाहेर येऊन खांदा अडकणे हा प्रकार शंभरात साधारण एका प्रसूतीत घडतो आणि त्याचा नेमका अंदाज आधी बांधता येत नाही. अशा वेळी डोके ओढल्यास मानेजवळच्या नसा ताणून हात लुळा पडतो, म्हणून आधी आईच्या मांड्या तिच्या पोटाकडे दुमडतात. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावल्यास टाळूखाली रक्त साकळू शकते. ते बहुधा आपोआप जिरते.

गोव्यात घरी सुईणीच्या हातून होणारी बाळंतपणे जवळजवळ नाहीशी झाली आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील ९९.७ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत, तर ३९.५ टक्के सिझेरियनने झाल्या. त्यामुळे इथे प्रश्न रुग्णालय गाठण्यापेक्षा योग्य रुग्णालय वेळेत गाठण्याचा अधिक आहे: काणकोण, सांगे किंवा वाळपईच्या बाजूची अडलेली बाळंतीण मडगाव, म्हापसा अथवा बांबोळी येथील मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंतचा वेळ रक्तस्रावात निर्णायक ठरतो. सिझेरियनच्या या प्रमाणामुळे, पुढच्या खेपेला योनिमार्गे प्रसूती करावी का, हा प्रश्नही अनेक स्त्रियांपुढे येतो. गर्भाशयाच्या खालच्या भागावर एकच आडवा व्रण असल्यास बहुतेकींना ती शक्य असते. मात्र कळा सुरू झाल्यावर व्रण उकलून गर्भाशय फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक असल्याने, अशी प्रसूती शस्त्रक्रियागृह व रक्तपेढी हाताशी असलेल्या ठिकाणीच करतात.