ब्रिटनचे ‘स्पॅड’ : नेमणूक मंत्र्याची, दोरी पंतप्रधानांच्या हातात

ब्रिटनमध्ये मंत्र्यांच्या विशेष सल्लागारांना ‘स्पॅड’ म्हणतात. कागदोपत्री ते तात्पुरते सरकारी नोकर. पगार खात्यातून निघतो, काम मात्र मंत्र्याचे आणि त्याच्या पक्षाचे. बहुतेक वाद इथूनच सुरू होतात.

१९६४ मध्ये तेरा वर्षांनी मजूर पक्ष सत्तेवर आला. हुजूर पक्षाच्या हाताखाली मुरलेली नोकरशाही आपले धोरण मनापासून राबवील, असा भरवसा पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांना नव्हता. त्यांनी अर्थतज्ज्ञ थॉमस बॅलोग यांना जवळ आणले. करांच्या प्रश्नांसाठी अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर ट्रेझरीत, म्हणजे अर्थखात्यात, आले. तेव्हा हा व्यक्तिगत मामला होता. त्याची पद्धत झाली ती १९७४ मध्ये, विल्सन परत आल्यावर. कॅबिनेट मंत्र्याला दोन सल्लागार ठेवण्याची मुभा मिळाली आणि बर्नार्ड डोनाह्यू यांच्या हाताखाली पंतप्रधानांचा धोरण कक्ष सुरू झाला. दोनाचा हा आकडा २०१० च्या मंत्रिसंहितेतही, म्हणजे मंत्र्यांच्या आचारसंहितेतही, होता. तो किती पाळला गेला, हा वेगळा प्रश्न.

जॉन मेजर यांच्या शेवटच्या काळात सगळे मिळून ३८ सल्लागार होते. टोनी ब्लेअर यांच्या काळात ही संख्या दुपटीवर गेली. त्याहून मोठा बदल अधिकारांचा होता. १९९७ च्या एका आदेशाने पंतप्रधान कार्यालयातल्या तीन सल्लागारांना सरकारी अधिकाऱ्यांना हुकूम देण्याची परवानगी मिळाली. ती वापरली दोघांनीच : ब्लेअर यांचे चीफ ऑफ स्टाफ जोनाथन पॉवेल आणि माध्यमप्रमुख ॲलिस्टर कॅम्पबेल. २००७ मध्ये गॉर्डन ब्राउन यांनी आल्या आल्या हा आदेश रद्द केला.

सल्लागारांना कायद्याची चौकट मिळाली ती २०१० मध्ये. निवड मंत्र्याने स्वतः करायची, पण पंतप्रधानांची मंजुरी हवीच. कायम नोकरांना लागू असलेली खुल्या स्पर्धेची अट इथे नाही. सल्लागाराने सरकारी खर्च मंजूर करायचा नाही आणि कायम नोकरांचे व्यवस्थापनही करायचे नाही. किती सल्लागार आहेत आणि त्यांच्यावर किती खर्च झाला, याचा अहवाल दरवर्षी संसदेपुढे ठेवावा लागतो.

यातली मंजुरीची अट वाचताना साधी वाटते, पण खरी ताकद तिच्यातच आहे. शिस्तीची जबाबदारी संहितेने मंत्र्यावर टाकली, तरी पंतप्रधानांनी मंजुरी काढून घेतली की नोकरी संपते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे मुख्य सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांनी चॅन्सेलर (अर्थमंत्री) साजिद जाविद यांच्या माध्यम सल्लागाराला काढले, तेही जाविद यांना न विचारता. फेब्रुवारी २०२० मध्ये सगळेच सल्लागार बदलण्याची अट पुढे आली, तेव्हा जाविद यांनी राजीनामा दिला.

पगाराचेही तसेच. पैसे खात्याचे, पण पगारश्रेणी केंद्रात ठरते, त्यामुळे मंत्र्याला आपल्या माणसाचा पगार परस्पर वाढवता येत नाही. २०१० मध्ये नावानिशी पगार जाहीर झाले, तेव्हा सर्वांत वरचा आकडा पंतप्रधान कॅमेरन यांचे माध्यमप्रमुख अँडी कोल्सन यांचा होता : १,४०,००० पौंड, पंतप्रधानांपेक्षा थोडाच कमी. २०२४ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांच्या चीफ ऑफ स्टाफ स्यू ग्रे यांचा १,७०,००० पौंडांचा पगार बाहेर आला आणि तो पंतप्रधानांपेक्षा जास्त निघाला. एकीकडे हा आकडा, तर दुसरीकडे विरोधी बाकांवर असताना पक्ष देत होता त्याहून कमी पगारावर सरकारात आलेले सल्लागार. कुरबूर होणारच होती.

खर्चाचा खरा फटका बसतो तो मंत्री बदलताना. मंत्र्याचे पद गेले की त्याच्या सल्लागाराची नोकरीही जाते. निवडणूक झाली तर मतदानाच्या दुसऱ्या दिवशी संपते. मग सेवेच्या काळानुसार भरपाई द्यावी लागते, जास्तीत जास्त सहा महिन्यांचा पगार. २०२२ मध्ये काही महिन्यांत तीन पंतप्रधान झाले, तेव्हा याच कलमाखाली बिले फुगली. तोच माणूस लगेच दुसऱ्या मंत्र्याकडे रुजू झाला, तर उरलेल्या काळाची रक्कम त्याला परत करावी लागते.