म्हाताऱ्या सशाचं दुखणं दातात की पोटात?

नीट सांभाळलेला घरचा ससा दहा-बारा वर्षं सहज जगू शकतो, पण सहा-सात वर्षांनंतर दोन गोष्टी त्याला जास्त छळायला लागतात, दात आणि पोट. माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या धरणं हीच गडबड आहे.

सशाला 28 दात असतात, त्यातल्या 22 दाढा, आणि सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला साधारण 2 मिलीमीटर. ही वाढ झिजते ती वाळलेल्या गवतामुळे, कारण गवत चावताना खालचा जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर नीट घासल्या जातात. पेलेट्स, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या खाण्याच्या गोळ्या, खाताना तसं फारसं होत नाही आणि ते संपतातही पटकन. मग दाढांना धारदार टोकं येतात, खालच्या दाढांची जिभेला टोचतात, वरच्यांची गालाला. ससा भुकेला असतो, ताटलीपर्यंत येतो, काडी तोंडात घेतो आणि टाकून देतो. आपल्याला वाटतं नखरे करतोय! हनुवटी सतत ओली दिसली, किंवा एका डोळ्यातून पाणी येत असलं तरी संशय दातांवरच घ्यायचा, कारण वरच्या दातांची मुळं वाढून अश्रूनलिकेवर दाब देतात.

आता पोटाचं. सशाचं आतडं चालू राहतं ते फायबरवर. दात दुखून गवत खाणं कमी झालं की आतडं मंदावतं, आतल्या बॅक्टेरियांचा तोल बिघडतो, गॅस होतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून अजून खात नाही, आणि उलटी तर सशाला करताच येत नाही. याला जीआय स्टॅसिस, म्हणजे आतडं ठप्प होणं, म्हणतात. दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल तर सकाळपर्यंत वाट बघत बसू नका, इमर्जन्सीच आहे ती.

म्हणून रोज लेंड्या बघा, हसू नका, याहून चांगला रिपोर्ट फुकटात मिळत नाही. चांगली लेंडी गोल, मोठी, मोडली की आत गवताचा भुसा दिसतो. लहान, कडक, वेड्यावाकड्या लेंड्या आल्या की काहीतरी बिनसलंय. अजून एक प्रकार असतो, मऊ, चकचकीत, घोसासारख्या चिकटलेल्या, त्या ससा थेट बुडाशी तोंड नेऊन खातो आणि त्यातून त्याला प्रोटीन आणि बी व्हिटॅमिन्स मिळतात. म्हाताऱ्या सशाचे सांधे दुखत असतील तर त्याला तेवढं वाकताच येत नाही, मग तो माल बुडाला चिकटून राहतो आणि आपण जुलाब समजून बसतो, खरं तर तिथे सांध्यांवर पेनकिलर लागत असतं.

दाढांची टोकं व्हेटच घासून देतात, त्याला बहुतेक वेळा भूल लागते आणि मुळं बघायला डोक्याचा एक्सरे काढतात. भूल द्यायची म्हणून सशाला उपाशी ठेवायचं नसतं, हे कुत्र्या-मांजरांपेक्षा अगदी उलट आहे. पुढचे दात घरी नेलकटरने कापायच्या फंदात पडू नका, दात उभा चिरतो. आणि घरात पडलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तर चुकूनही तोंडाने देऊ नका, आतड्यातले चांगले बॅक्टेरिया मरतात आणि ससाही जाऊ शकतो.

पोट फुगून टणक लागत असेल तर आधी व्हेट, बळजबरीने भरवणं नको, आतडं कुठे अडकलेलं असलं तर त्याने बिघडतं. अडकलेलं नाही असं व्हेटने सांगितलं की रिकव्हरी फूड, म्हणजे आजारी सशांसाठीचं पावडरसारखं खाणं, पातळ करून सिरिंजने भरवता येतं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, सिरिंज बाजूने तिथे घालायची, ससा चारी पायांवर नीट बसलेला हवा, पाठीवर उताणा अजिबात नाही, आणि एका वेळी थोडंच, त्याने गिळलं की मग पुढचं, घाई केली तर फुप्फुसात जातं. पाणी बाटलीपेक्षा जड वाटीत ठेवा, वाटीतून ससे जास्त पितात. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा, जाड फरमुळे उतरलेलं वजन डोळ्यांना कळतच नाही. दाढा एकदा घासल्या म्हणजे झालं असंही नाही, काही सशांना ते दर महिना-दीड महिन्याने परत करावं लागतं, तर पुढची तारीख व्हेटकडून निघतानाच घेऊन ठेवा.