केनियात सोशल रिसर्चला जायचंय? मग नाकोस्टीचं लायसन्स आधी समजून घ्या

केनियात फिल्डवर्क करायचं ठरलं की आपल्याकडची बरीच पोरं आधी विमानाचं तिकीट बघतात, मग ई-टीए म्हणजे केनियात यायची ऑनलाइन परवानगी काढतात, मग नैरोबीत राहायची सोय, आणि हे सगळं झाल्यावर कुणीतरी विचारतं की अरे रिसर्च लायसन्सचं काय केलंस. आणि लायसन्स हातात यायला जे कागद लागतात ते गोळा करण्यातच खरा वेळ जातो, म्हणून तिकिटाचा नंबर सगळ्यात शेवटी लावा.

आधी हे लायसन्स म्हणजे काय ते बघू. केनियात २०१३ साली विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोपक्रम कायदा आला आणि त्याखाली नॅशनल कमिशन फॉर सायन्स, टेक्नॉलॉजी अँड इनोव्हेशन, म्हणजे सगळे ज्याला नाकोस्टी म्हणतात ते कमिशन उभं राहिलं. ऑफिस नैरोबीत वायाकी वेच्या बाजूला अप्पर कबेटेला आहे, पण अर्ज सगळा ऑनलाइन. देशात कुठलाही रिसर्च करायचा तर यांचं लायसन्स लागतं. नावात सायन्स आहे म्हणून लोकांना वाटतं की हे लॅबवाल्यांसाठी, आपण तर चार लोकांशी गप्पा मारणार, आपल्याला कशाला? तसं नाहीये. घरोघरी सर्व्हे, मुलाखती, ग्रुप डिस्कशन, बाजारात बसून निरीक्षण, सगळं यात येतं. केनियाच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनाही लागतं, एमएच्या प्रबंधासाठीसुद्धा, त्यामुळे परदेशी म्हणून आपल्याला छळतायत असं मनात आणू नका. लायसन्सशिवाय काम केलं तर तो कायद्याने गुन्हा आहे, आणि तो डेटा उद्या जर्नलला पाठवताना परमिट नंबर विचारला तर काय सांगणार हा प्रश्न वेगळाच.

एवढी कडक व्यवस्था का, त्यालाही कारण आहे. विकासावर लिहिणाऱ्या जगभरच्या लोकांनी केनियाला जवळजवळ प्रयोगशाळाच केलंय. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा केनियावरचा रिपोर्ट आला आणि इन्फॉर्मल सेक्टर म्हणजे असंघटित क्षेत्र हा शब्द जगभर गेला, तिथले लोक त्याला जुआ काली म्हणतात. पश्चिमेकडे बुसियात शाळेतल्या मुलांना जंताच्या गोळ्या देऊन जो गाजलेला अभ्यास झाला त्यातले मायकल क्रेमर यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं, आपले मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत. एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, २००७ ला सुरू झालं, त्यावर तर पेपरांचा ढीग आहे. सियाया आणि बोमेट या काउंट्यांत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, गिव्हडायरेक्टली नावाच्या संस्थेने लोकांना वर्षानुवर्षं थेट पैसे देऊन बेसिक इन्कमचा प्रयोग केला. नैरोबीतल्या किबेरासारख्या झोपडपट्टीत गेलात तर लोक सरळ तोंडावर विचारतात, आधीचे आले, फॉर्म भरून गेले, आम्हाला काय मिळालं? ते चुकीचं विचारतात असं मला तरी वाटत नाही. अर्जात या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा, पुढे दोनदा तरी लागणारच आहे.

आता पात्रता. अर्ज कुणीही करू शकतं, विद्यार्थी, प्राध्यापक, एनजीओ, कन्सल्टन्सी. पण परदेशी माणसाला केनियातल्या एखाद्या मान्य संस्थेशी अफिलिएशन लागतं, आणि सगळं घोडं इथेच अडतं. अफिलिएशन म्हणजे तिथल्या विद्यापीठाने किंवा संशोधन संस्थेने लेटरहेडवर लिहून द्यायचं की हा माणूस आमच्याशी जोडलेला आहे आणि आम्हाला त्याचं काम माहिती आहे. विकास, गरिबी, स्थानिक शासन असा विषय असेल तर नैरोबी विद्यापीठाचं इन्स्टिट्यूट फॉर डेव्हलपमेंट स्टडीज आहे, १९६५ पासूनचं. पश्चिम भागात काम असेल तर मासेनो युनिव्हर्सिटी किंवा एल्डोरेटची मोई युनिव्हर्सिटी बघा, लोकसंख्या-आरोग्य-शहरी गरिबी असेल तर आफ्रिकन पॉप्युलेशन अँड हेल्थ रिसर्च सेंटर, इतिहास-मानववंशशास्त्र असेल तर ब्रिटिश इन्स्टिट्यूट इन ईस्टर्न आफ्रिका. बऱ्याच ठिकाणी अफिलिएशनची फी असते, ती आधीच विचारून बजेटमध्ये टाका. मुंबईत असाल तर कलिनाला मुंबई विद्यापीठाचं सेंटर फॉर आफ्रिकन स्टडीज आहे, तिथे जाऊन ओळखीपाळखी विचारा, कोरड्या मेलपेक्षा कुणाच्या तरी ओळखीने गेलेला मेल लवकर उघडला जातो, हे आपल्याकडे जसं तसंच तिकडे.

मेल कसा लिहायचा तेही सांगतो, कारण इथे लोक अख्खा प्रपोजल चिकटवून पाठवतात आणि मग महिनाभर उत्तराची वाट बघत बसतात. छोटा लिहा. मी कोण, गाईड कोण, विषय एका वाक्यात, कोणत्या काउंटीत, कोणत्या महिन्यांत, आणि तुमच्या संस्थेला यातून काय मिळेल. हे शेवटचं फार महत्त्वाचं. एखादं सेमिनार घेईन, तिथल्या विद्यार्थ्याला पगारी असिस्टंट म्हणून घेईन, पेपरमध्ये सहलेखक घेईन, जे खरंच करणार असाल ते लिहा.

अफिलिएशन मिळालं की एथिक्स, म्हणजे लोकांना त्रास न होता काम होईल ना हे तपासून मिळणारी मंजुरी. तुमच्या भारतातल्या विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीने मंजुरी दिली असेल तर छान, पण तेवढ्यावर भागत नाही, नाकोस्टीने मान्यता दिलेल्या केनियातल्याच एखाद्या कमिटीकडून रिव्ह्यू करून घ्यावा लागतो. मोठ्या विद्यापीठांच्या स्वतःच्या कमिट्या आहेत, आम्रेफ या आरोग्य संस्थेची आहे, स्ट्रॅथमोर युनिव्हर्सिटीची आहे. शक्यतो जिथे अफिलिएशन तिथलीच कमिटी धरा, पत्रव्यवहार सोपा जातो. इथे प्रपोजल, प्रश्नावली, मुलाखतीचे प्रश्न, संमतीपत्र, बायोडेटा, वेळापत्रक, बजेट एवढं सगळं जातं, फी वेगळी.

संमतीपत्रावर कमिटीवाले बारीक नजर ठेवतात. नुसतं इंग्रजी संमतीपत्र चालवून घेतील या भरवशावर राहू नका. किस्वाहिलीत हवं, आणि सियायासारख्या ठिकाणी वयस्कर बायकांशी बोलणार असाल तर तिथल्या लुओ लोकांच्या धोलुओ भाषेतही करून घ्या. त्यात साध्या भाषेत असायला हवं की भाग घ्यायची सक्ती नाही, मधेच सोडता येतं, पैसे मिळतील की नाही, मिळाले तर कशाचे, येण्याजाण्याचं भाडं की अजून काही, रेकॉर्डिंग होणार का, तक्रार असेल तर कमिटीत कुणाला फोन करायचा. अठरा वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची संमती आणि मुलाची वेगळी तयारी, दोन्ही. आणि विषय जमिनीचे वाद, २००७-०८ ची निवडणुकीनंतरची हिंसा, घरातली मारहाण असा काही असेल तर प्रश्न विचारताना माणूस कोलमडला तर तुम्ही काय करणार, कुणाकडे पाठवणार, हे लिहिलेलं नसेल तर अर्ज परत येणार हे धरूनच चाला. एका फेरीत मंजुरी क्वचितच मिळते, शेरे येतात, दुरुस्त करून परत पाठवायचं, यात आठवडे जातात, कधी महिने.

डेटाचं पण लिहावं लागतं. केनियात २०१९ चा डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, म्हणजे लोकांची नावं, फोन नंबर, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कोण बघणार, कधी पुसणार, देशाबाहेर नेणार का, हे स्पष्ट हवं. गुगल ड्राइव्हवर टाकेन एवढं लिहून चालत नाही.

एवढं झाल्यावर नाकोस्टीच्या पोर्टलवर अर्ज, आणि गंमत म्हणजे सगळ्या प्रकरणातला हा सोपा भाग. अकाउंट काढायचं, माहिती भरायची, कागद अपलोड करायचे. पासपोर्ट साइज फोटो, पासपोर्टचं स्कॅन, तुमच्या मूळ विद्यापीठाचं ओळखपत्र म्हणजे इंट्रोडक्टरी लेटर, अफिलिएशनचं पत्र, एथिक्सची मंजुरी, प्रपोजल. फी तुमच्या लेव्हलनुसार आणि नागरिकत्वानुसार बदलते, परदेशींना केनियन लोकांपेक्षा बरीच जास्त, पोर्टलवरचा चालू आकडाच धरा, सिनियरने सांगितलेला नको. तुमच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्ट, पत्रं आणि अकाउंट तिन्हीकडे एकच ठेवा, आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधे असतं कधी नसतं आणि त्यावरून उगाच ताटकळायला होतं.

फॉर्ममधली एक जागा लोक घाईत भरतात ती म्हणजे काउंटी. २०१० च्या राज्यघटनेने केनियात ४७ काउंट्या केल्या आणि लायसन्स ठरलेल्या ठिकाणासाठी, ठरलेल्या विषयासाठी, ठरलेल्या मुदतीसाठी मिळतं. नैरोबी लिहिलं आणि नंतर वाटलं की किसुमूलाही जाऊन येऊ, तर ते या लायसन्सवर बसत नाही. जिथे जायची खरी शक्यता आहे ती सगळी नावं आधीच टाका, पण ४७ च्या ४७ टाकू नका, मग प्रपोजलशी मेळ बसत नाही. मुदत साधारण एक वर्ष, पुढे रिन्यू करता येतं. लायसन्स दुसऱ्याच्या नावावर होत नाही, त्यामुळे तुमच्या जागी मित्राला पाठवणं वगैरे बंद.

लायसन्स आलं, क्यूआर कोडवालं, प्रिंट काढलं. आता लगेच गावात? नाही. लायसन्सच्या मागे अटी छापलेल्या असतात, त्या वाचा. काम सुरू करण्याआधी काउंटी कमिशनर, काउंटी डायरेक्टर ऑफ एज्युकेशन आणि गव्हर्नरच्या ऑफिसला कळवायचं असतं. कमिशनर केंद्र सरकारचा माणूस, गव्हर्नर निवडून आलेला, दोन्हीकडे जायचं, एकाकडे गेलो म्हणून दुसऱ्याला सोडायचं नाही. तिथून पत्र घेऊन डेप्युटी काउंटी कमिशनर, मग चीफ म्हणजे सरकारने नेमलेला स्थानिक अधिकारी, मग असिस्टंट चीफ. या उतरंडीत सगळ्यात उपयोगाचा माणूस म्हणजे चीफ. त्याच्या ऑफिसात सकाळी लवकर जा, लायसन्सची झेरॉक्स द्या, कोणत्या वाड्यांत फिरणार ते सांगा, रजिस्टरमध्ये नोंद होते, पत्रावर शिक्का बसतो. बराझा म्हणजे चीफने बोलावलेली गावसभा असेल तर तिथे उभं राहून दोन मिनिटं स्वतःची ओळख करून द्या, नंतर घरोघरी जाताना हा कोण आला असं कुणी म्हणत नाही. ते शिक्क्याचं पत्र रोज खिशात ठेवा.

काही ठिकाणी याच्यावर अजून परवानगी लागते. काकुमा, दादाब या निर्वासित छावण्यांसाठी डिपार्टमेंट ऑफ रेफ्युजी सर्व्हिसेसची वेगळी. सरकारी दवाखान्यात बसून पेशंटशी बोलायचं तर काउंटीच्या आरोग्य खात्याची. फिल्म करायची असेल, उत्खनन असेल तर त्या त्या खात्याची, लायसन्सच्या अटींमध्येच ते लिहिलेलं आहे.

इतिहासवाल्यांनी असं समजू नये की आपल्याला फक्त अर्काइव्ह्ज बघायचेत तर हे सगळं माफ. नैरोबीत मोई अव्हेन्यूवर केनिया नॅशनल अर्काइव्ह्ज आहे, तिथे परदेशी अभ्यासकाकडे रिसर्च परमिट मागतात. तिथे गेलात तर खालच्या मजल्यावरचा जोसेफ मुरुंबी यांचा कलासंग्रह बघितल्याशिवाय येऊ नका, केनियाचे १९६६ मधले उपराष्ट्राध्यक्ष, वडील गोव्याचे आणि आई मसाई.

प्रवासाचं थोडक्यात. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा काढून टाकला आणि आपल्यासारख्या परदेशींना ई-टीए लावला, तो ऑनलाइन मिळतो. पण ई-टीए म्हणजे देशात यायची परवानगी, रिसर्चची नाही, आणि लांब मुक्काम असेल तर इमिग्रेशन खात्याकडून वेगळा पास घ्यावा लागतो. त्यासाठी अफिलिएशनवाल्या संस्थेचीच मदत लागते, म्हणून त्यांच्याशी सुरुवातीपासून नीट वागा. विमानतळावर रिसर्च करायला आलोय हे लपवून टुरिस्ट आहे सांगायचा सल्ला देणारे खूप भेटतील, ऐकू नका, बॅगेत शंभर प्रश्नावल्या असताना सफारीची गोष्ट कोण मानणार.

काम संपल्यावर एका वर्षाच्या आत फायनल रिपोर्ट नाकोस्टीला द्यायचा असतो, छापील प्रत आणि पोर्टलवर सॉफ्ट कॉपी. पीएचडीवाले थिसिस सबमिट होईपर्यंत हे विसरतात. त्याच वेळी दोन पानांचं किस्वाहिली सार करून चीफच्या ऑफिसला आणि काउंटीला पाठवा, कुणी मागितलं नाही तरी.

आणि यलो फिव्हरची लस. केनियातून भारतात परत येताना आपल्याच विमानतळावर तिचं सर्टिफिकेट मागतात, नसेल तर सहा दिवस क्वारंटाइन. लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, नंतर आयुष्यभर चालतं. सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि अपॉइंटमेंटला रांग असते, तेव्हा एथिक्सची वाट बघत बसला असाल तेव्हाच हे उरकून टाका.