जनुकीय बदल केलेले जिवाणू आणि उंदीर: संशोधनाच्या परवानगीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

प्रयोगशाळेत एखाद्या जिवाणूत परके जनुक घालायचे असो किंवा उंदराच्या जनुकात बदल करून त्याच्या पिढ्या वाढवायच्या असोत, भारतात असे काम सुरू करण्याआधी त्याची नोंद किंवा लेखी मान्यता आवश्यक असते आणि ती मागाहून मिळत नाही. प्रयोग आधी उरकून घेतला आणि अर्ज नंतर केला, तर समिती मागील तारखेची मान्यता देत नाही. पुढे शोधनिबंध पाठवताना नियतकालिक मान्यतेचा क्रमांक विचारते तेव्हा दोन-तीन वर्षांचे काम अडकून पडते. विद्यापीठांचे विभाग, औषधनिर्माणशास्त्र आणि पशुवैद्यकीय महाविद्यालये तसेच लहान जैवतंत्रज्ञान कंपन्या यांतील संशोधकांना अर्जापूर्वी जे माहीत असायला हवे ते येथे दिले आहे. नियम केंद्राचे असल्याने पुणे, नागपूर, पणजी कोठेही प्रक्रिया तीच आहे.

दोन कायदे आणि दोन स्वतंत्र समित्या

पहिला आधार पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 याखाली 5 डिसेंबर 1989 रोजी अधिसूचित झालेल्या नियमांचा आहे. घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेले सजीव किंवा पेशी यांची निर्मिती, वापर, आयात, निर्यात आणि साठवण या नियमांच्या कक्षेत येते. त्यांनुसार प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असते, जिला सगळे आयबीएससी म्हणतात. तिच्या वर केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागातील आरसीजीएम ही पुनरावलोकन समिती आहे, आणि असे सजीव प्रयोगशाळेबाहेर, म्हणजे पर्यावरणात सोडण्याचा प्रश्न आला की पर्यावरण मंत्रालयातील जीईएसी या समितीकडे जावे लागते. राज्य आणि जिल्हा पातळीवरही समित्यांची तरतूद आहे. परंतु बंदिस्त प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधकाचा संबंध बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांपुरताच येतो.

दुसरा आधार प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, 1960 आणि त्याखालील प्राण्यांचे प्रजनन व त्यांच्यावरील प्रयोग यांविषयीचे 1998 चे नियम हा आहे. पूर्वी सीपीसीएसईए आणि आता सीसीएसईए या नावाने ओळखली जाणारी केंद्रीय समिती आणि संस्थेतील प्राणी नैतिकता समिती, म्हणजेच आयएईसी, या कायद्याखाली काम करतात.

केवळ जिवाणूंवर काम असेल तर पहिलीच वाट पुरते. साध्या, जनुकीय बदल न केलेल्या उंदरांना औषध देऊन निरीक्षण करायचे असेल तर दुसरी पुरते. मात्र जनुक काढून टाकलेला उंदीर वापरायचा असेल किंवा बदल केलेला जिवाणू उंदराला टोचायचा असेल, तर दोन्ही मान्यता लागतात आणि एकीने दुसरीचे काम भागत नाही. प्राणी समितीच्या अर्जातच पुनर्संयोजित (वेगवेगळ्या स्रोतांतून जोडलेला) डीएनए किंवा घातक सूक्ष्मजीव वापरणार असल्यास जैवसुरक्षा समितीच्या मान्यतेची प्रत मागितलेली असते, त्यामुळे आधी आयबीएससी आणि मग आयएईसी हा क्रम ठेवावा. उलट क्रमाने गेलेला अर्ज बहुधा ‘प्रत जोडा’ या एका शेऱ्यासह परत येतो आणि पुढच्या बैठकीपर्यंत पडून राहतो.

अर्ज कोण करू शकतो

अर्ज व्यक्तीच्या नावाने असला तरी पात्रतेचा पहिला प्रश्न संस्थेचा असतो. संस्थेची आयबीएससी जैवतंत्रज्ञान विभागाच्या इंडियन बायोसेफ्टी नॉलेज पोर्टलवर नोंदलेली आणि मुदतीत असली पाहिजे. ही नोंदणी तीन वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. त्याचप्रमाणे प्राणीगृह सीसीएसईएकडे नोंदलेले असले पाहिजे, आणि नोंदणीत जो हेतू लिहिला आहे, म्हणजे संशोधन, प्रजनन किंवा शिक्षण, त्यातच प्रस्तावित काम बसले पाहिजे. उंदीर विकत आणून वापरण्यापुरती नोंदणी असलेल्या महाविद्यालयाला त्यांची वंशावळ वाढवायची असेल, तर प्रजननाचा हेतू नोंदणीत आहे की नाही हे आधी तपासावे. ही बाब अर्जदार सहसा पाहत नाहीत आणि समितीचे केंद्रीय प्रतिनिधी मात्र हमखास विचारतात.

मुख्य संशोधक म्हणून साधारणतः कायम सेवेतील प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ अर्ज करतो. पीएच.डी.चा विद्यार्थी अर्ज लिहितो, प्रयोगही तोच करतो, तरी स्वाक्षरी आणि जबाबदारी मार्गदर्शकाची असते. विद्यार्थ्याचे नाव सहसंशोधक किंवा प्रयोग करणारी व्यक्ती म्हणून प्रशिक्षणाच्या तपशिलासह घालावे. ज्यांची नावे अर्जात नाहीत त्यांनी प्राणी हाताळू नयेत, असा साधा दंडक ठेवलेला बरा. संस्थेला स्वतःची समिती नसेल तर सर्वांत व्यवहार्य मार्ग म्हणजे नोंदणी असलेल्या संस्थेशी सामंजस्य करार करून ते काम तिच्याच प्रयोगशाळेत, तिच्या समितीच्या मान्यतेने करणे.

जिवाणूंसाठी: खरा निर्णय वर्गवारीचा

आयबीएससीच्या अर्जातील बहुतेक रकाने सरळ आहेत. विचार करावा लागतो तो जोखीम गट आणि प्रयोगाचा प्रवर्ग ठरवताना. सूक्ष्मजीवांचे चार जोखीम गट केलेले आहेत. प्लाझ्मिड (परके जनुक वाहून नेणारे डीएनएचे लहान वर्तुळ) वाढवण्यासाठी रोज वापरले जाणारे ई. कोलायचे के-12 या वंशातले प्रकार, उदाहरणार्थ डीएच फाइव्ह अल्फा, पहिल्या गटात येतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि साल्मोनेला दुसऱ्या. क्षयाचा जिवाणू मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस तिसऱ्या. चौथ्या गटात जिवाणू नाहीत, इबोलासारखे विषाणू आहेत.

जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार यावरून आणि घातल्या जाणाऱ्या जनुकाच्या स्वरूपावरून प्रयोगाचा प्रवर्ग ठरतो. पहिल्या प्रवर्गातील कामाची माहिती विहित नमुन्यात आयबीएससीला देऊन नोंद करावी लागते. दुसऱ्या प्रवर्गासाठी काम सुरू करण्यापूर्वी आयबीएससीची मान्यता लागते. तिसऱ्या आणि त्यावरील प्रवर्गासाठी आयबीएससीच्या शिफारशीनंतर आरसीजीएमची मान्यताही आवश्यक असते. पहिल्या प्रवर्गाला ‘परवानगी लागत नाही’ असे प्रयोगशाळांत सर्रास बोलले जाते, ते अर्धेच खरे आहे. नोंद टळत नाही.

प्रवर्ग केवळ यजमान जिवाणूवरून, म्हणजे ज्यात जनुक घालायचे त्यावरून, ठरत नाही हे लक्षात ठेवावे. निरुपद्रवी ई. कोलायमध्ये हिरवा प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचे जनुक घातले तर प्रश्न उद्भवत नाही, पण त्याच जिवाणूत एखाद्या विषाचे जनुक घातले तर प्रवर्ग वर सरकतो. एखाद्या रोगजंतूवर ज्या प्रतिजैविकाने रुग्णावर उपचार होतात, त्याच प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक त्या रोगजंतूत खूण म्हणून घालणे हेही समिती गंभीरपणे घेते. म्हणून अर्जात यजमान जिवाणूचा नेमका प्रकार, वाहक प्लाझ्मिडचे नाव व नकाशा, घातलेल्या जनुकाचा स्रोत आणि कार्य, निवडीसाठी वापरलेले प्रतिजैविक, संवर्धनाचे आकारमान आणि जंतू नष्ट करण्याची पद्धत हे सर्व स्पष्ट लिहावे. ‘योग्य त्या जैवसुरक्षा पातळीवर काम केले जाईल’ असे वाक्य कोणालाही काही सांगत नाही; त्याऐवजी जैवसुरक्षा कपाट कोणत्या दर्जाचे आहे आणि ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) त्याच मजल्यावर आहे का, हे लिहिलेले जास्त उपयोगी पडते. तिसऱ्या गटासाठी लागणारी प्रयोगशाळा संस्थेत नसेल, तर मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिससारखा कमी जोखमीचा नातलग जिवाणू घेऊन प्रश्नाचे उत्तर मिळते का, याचा विचार अर्जापूर्वीच करावा.

या अर्जासोबत संशोधन प्रस्तावाचा सारांश, निधी मंजुरीचे पत्र असल्यास त्याची प्रत, प्रयोगशाळेतील सुविधांचा तपशील, मुख्य संशोधकाचा परिचय आणि जिवाणू अन्यत्रून घेणार असल्यास साहित्य हस्तांतरण करार जोडावा. पुण्याच्या एनसीआयएमसारख्या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून संवर्ध (वाढवलेले जिवाणू) घेतला असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक द्यावा. समितीत संस्थाप्रमुख किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात आणि वैद्यकीय पात्रतेचा जैवसुरक्षा अधिकारी, संस्थेतील व बाहेरील तज्ज्ञ आणि जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी हे सदस्य असतात. वर्षातून किमान दोन बैठका अपेक्षित आहेत. काही संस्थांत तेवढ्याच होतात, म्हणून प्रकल्पाची तारीख ठरवण्याआधी सदस्य सचिवांकडून बैठकीची तारीख घ्यावी.

प्राण्यांसाठी: फॉर्म बी आणि संख्येचे समर्थन

आयएईसीकडे जाणारा प्रस्ताव फॉर्म बीमध्ये असतो. समितीत जीवशास्त्रज्ञ, वेगळ्या विद्याशाखांतील दोन शास्त्रज्ञ, पशुवैद्यक, प्राणीगृहाचे प्रभारी, संस्थेबाहेरील शास्त्रज्ञ, समाजाचे भान असलेला शास्त्रज्ञेतर सदस्य आणि सीसीएसईएचा प्रतिनिधी असतो. हा प्रतिनिधी किंवा त्याचा पर्यायी प्रतिनिधी हजर नसेल तर बैठक होऊ शकत नाही. उंदीर, घूस-उंदीर, ससा, गिनी पिग यांसारख्या लहान प्राण्यांवरील प्रयोगांना ही समिती स्वतः मान्यता देते. कुत्रा, शेळी, मेंढी, डुक्कर, गाय, माकड असे मोठे प्राणी असतील तर ती शिफारस करून प्रस्ताव सीसीएसईएकडे पाठवते आणि अंतिम निर्णय तेथे होतो. फळमाशी किंवा गोलकृमी यांच्यावरील काम व्यवहारात प्राणी समितीकडे जात नाही, पण जनुकीय बदल केलेल्या माश्यांची नोंद आयबीएससीकडे करावीच लागते.

फॉर्म बीमधील जो भाग सर्वाधिक वेळा परत येतो तो प्राण्यांच्या संख्येचा, आणि जनुकीय प्रयोगांत तो विशेष चुकतो. एक उदाहरण पाहू. एका जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेले 10 नर आणि तुलनेसाठी त्याच वेतांतील 10 सामान्य नर हवे आहेत. अर्जदार ‘20 उंदीर’ लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात एकच प्रत निकामी असलेल्या नर-मादीच्या संकरातून हवा तो जनुकप्रकार चारांपैकी एका पिलात मिळतो, त्यातली निम्मी पिले नर, म्हणजे आठांतले एक पिलू उपयोगाचे. 10 नरांसाठी सरासरी 80 पिले लागतील. सुदैवाने त्याच 80 पिलांत सरासरी 10 सामान्य नरही मिळतील. वेतात सहा पिले जगतात असे धरले तर जवळपास 14 वेते. आता अर्जात 80 पिले, त्यांचे आईवडील, सरासरीपेक्षा कमी मिळाल्यास लागणारी वाढीव संख्या आणि उरलेल्या 60 पिलांचे काय करणार हे सगळे यायला हवे. माद्या घेऊनही प्रश्नाचे उत्तर मिळत असेल तर 60 पैकी पुष्कळ प्राणी वाचतात, आणि हा विचार केलेला दिसला की समितीचा अर्जाकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलतो. गटात 10 च का, 6 का नाहीत, याचे उत्तर संख्याशास्त्रीय गणिताने द्यावे; ‘मागील शोधनिबंधात इतके होते’ हे समर्थन होत नाही.

जनुकप्रकार ओळखण्यासाठी शेपटीचे टोक किंवा कानाचा तुकडा घेणे हीदेखील प्राण्यावरील प्रक्रियाच आहे, म्हणून त्या वेळचे प्राण्याचे वय, पद्धत आणि वेदनाशमन लिहावे. बदललेल्या जनुकामुळे प्राण्याला गाठी, झटके किंवा अशक्तपणा येण्याचा संभव असेल तर कोणती लक्षणे दिसताच प्रयोग थांबवून प्राण्याला वेदनारहित मृत्यू दिला जाईल, हे वजनातील घट किंवा हालचाल अशा मोजता येण्याजोग्या निकषांत द्यावे. प्राण्यांऐवजी पेशीसंवर्ध का चालणार नाही याचे समर्थन, त्यासाठी केलेला संदर्भशोध, भूल व वेदनाशामकांच्या मात्रा, मृत्यू देण्याची पद्धत आणि नोंदणीकृत प्राणीपुरवठादाराचे नाव हे बाकीचे आवश्यक तपशील आहेत.

आयात आणि जैवविविधता

जनुकीय बदल केलेले जिवाणू संशोधनासाठी परदेशातून मागवताना पहिल्या दोन जोखीम गटांसाठी आयबीएससी आणि वरच्या गटांसाठी आरसीजीएम मान्यता देते. जिवंत उंदीर आणायचे तर त्याखेरीज पशुसंवर्धन विभागाचा आरोग्यविषयक आयात परवाना आणि विलगीकरण केंद्राची तपासणी लागते. असे केंद्र मुंबईत आहे.

परदेशात संशोधन करणाऱ्या मराठी मंडळींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जैविक विविधता अधिनियम, 2002 नुसार परदेशी नागरिक, परदेशी संस्था आणि आयकर कायद्याच्या अर्थाने अनिवासी ठरणारा भारतीय नागरिक यांना भारतातील जैविक संसाधन संशोधनासाठी घेण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते. सुट्टीत गावी आले असता लोणारच्या सरोवरातील चिखलाचा नमुना जिवाणूंसाठी नेणे ही म्हणूनच किरकोळ बाब नाही. शिवाय लोणार हे अभयारण्य असल्याने वन विभागाची परवानगीही वेगळी लागते.

मान्यता मिळाल्यानंतर

मान्यता ज्या प्रयोगाला मिळाली त्याच प्रयोगापुरती असते. जनुक, जिवाणूचा प्रकार, प्राण्यांची संख्या किंवा शस्त्रक्रिया बदलली तर सुधारित प्रस्ताव आधी मंजूर करून घ्यावा. पर्यावरण मंत्रालयाच्या 30 मार्च 2022 च्या ज्ञापनाने जनुकसंपादित वनस्पतींच्या काही प्रकारांना 1989 च्या नियमांतील काही तरतुदींतून सूट मिळाली, तिचा आधार प्राणी किंवा जिवाणू यांच्यासाठी घेता येत नाही. किती प्राणी आणले आणि त्यांच्यावर कोणते प्रयोग झाले याची नोंद फॉर्म डीमध्ये दिवसागणिक ठेवावी, आयबीएससीचा वार्षिक अहवाल वेळेत जावा यासाठी आपला भाग सचिवांकडे आधी द्यावा. 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम प्राणीगृहालाही लागू आहेत: मृत प्राणी पिवळ्या पिशवीत, जिवाणूंचे संवर्ध आधी जागेवरच ऑटोक्लेव्ह करून, आणि प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त काळ न ठेवता. त्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मिळणारे प्राधिकारपत्र संस्थेच्या नावे असते, आणि निरीक्षणाच्या दिवशी त्याची प्रत प्राणीगृहातच असावी.