दगडात गेलेल्या कार्बनचा हिशेब

जंगल वाचवलं म्हणून कार्बन क्रेडिट, म्हणजे तेवढा कार्बन हवेत जाण्यापासून रोखल्याचं प्रमाणपत्र, विकलं जातं, आणि घेणारा त्याच्या बदल्यात आपला धूर सोडतो. तेव्हा एक प्रश्न अधांतरीच राहतो. हे क्रेडिट नसतं तर ते जंगल तुटलंच असतं का? उत्तर अंदाजानं द्यावं लागतं, आणि अंदाज फुगवता येतो. 2023 साली 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात सहा देशांतले 26 वनप्रकल्प तपासले गेले. बहुतेकांमुळे जंगलतोड फारशी कमी झालेलीच नव्हती. त्या क्रेडिटच्या भरवशावर सोडलेला धूर मात्र खरा असतो. मला याचा संताप येतो.

म्हणूनच आइसलंडमधला कार्बफिक्सचा प्रयोग मला मोलाचा वाटतो. 2012 मध्ये हेलिशेइदी भूऔष्णिक वीजकेंद्राजवळ कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून जमिनीखाली 400 ते 800 मीटरवरच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, सोडला गेला. असं आम्लधर्मी पाणी खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह सुटं करतं, आणि त्यांच्याशी संयोग होऊन कार्बन कॅल्साइटसारख्या खनिजांत बांधला जातो.

पण तो बांधला गेला, हे कशावरून? त्यासाठी शास्त्रज्ञांनी वायूत खुणेचा कार्बन-14 (कार्बनचाच किरणोत्सर्गी, म्हणून ओळखता येणारा प्रकार) मिसळला, आणि सोबत सल्फर हेक्झाफ्लोराइड, जो खडकाशी कसलीच प्रक्रिया करत नाही. दोघं एकाच पाण्यातून निघाले. पुढच्या निरीक्षण विहिरीत सल्फर हेक्झाफ्लोराइड पोचला, कार्बन-14 मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी. जी तूट आली, तेवढा कार्बन वाटेत खडकात बसला होता. 95 टक्क्यांहून अधिक, आणि तोही दोन वर्षांच्या आत! पुढे त्या विहिरीतला पंपच बंद पडला. वर काढला तर त्यावर कॅल्साइट साचलेलं, आणि त्यात वरून सोडलेल्याच कार्बनची खूण.

या पद्धतीला पाणी फार लागतं, टनभर कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे 25 टन. आपल्या दुष्काळी पट्ट्यात हा आकडा विसरून चालणार नाही. सह्याद्रीसह दख्खनचं पठारही बेसाल्टचंच, त्यामुळे इथे कार्बन साठवण्याची चर्चा होते. पण आइसलंडचा खडक तरुण आहे. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, आणि त्यातल्या कितीतरी पोकळ्या झिओलाइट आणि कॅल्साइट या खनिजांनी आधीच भरलेल्या आहेत. पाणी आत किती मुरेल, कुठून बाहेर येईल, हे प्रत्येक जागी वेगळं असणार. इथल्या कार्बनचं पहिलं क्रेडिट विकण्याआधी निरीक्षण विहिरी खणून, खुणेचे वायू सोडून, तिथलीच मोजणी व्हायला हवी.