माजी सैनिकांचे सेवावर्ष आणि पाझर तलावाचा गाळ: पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातील माजी सैनिकांच्या संघटनेचे वर्ष 26 जुलैला, कारगिल विजय दिनी झाडे लावण्यापासून सुरू होते. नोव्हेंबरात हयातीचे दाखले, 7 डिसेंबरला ध्वजदिन निधीचे डबे, हिवाळाभर मैदानावर भरतीच्या पोरांची तयारी आणि एप्रिल-मेमध्ये तलावातला गाळ काढणे. यंदा बोलबाला झाला तो गाळाचा, आणि वादही त्याचाच झाला. म्हणून इथे त्यालाच जास्त जागा दिली आहे.

मराठवाड्यात सैन्यभरतीची वाट उशिरा रुळली. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. साताऱ्या-कोल्हापुराकडे आजा, बाप आणि नातू एकाच पलटणीत नोकरी करून आलेली घरे सापडतात, तशी इथे पूर्वी फारशी नव्हती. नंतर कोरडवाहू शेतीवर भागेना तेव्हा घरातला एक मुलगा फौजेत पाठवायची रीत पडली. शिपाई पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत पेन्शनवर घरी येतो. अंगात ताकद आहे, नकाशा वाचता येतो, हिशेब लिहायची सवय आहे आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम खात्यावर जमा होते, अशी माणसे लहान गावात एरवी मिळत नाहीत. संघटना लहान असूनही काम मोठे उभे राहते ते यामुळे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याची छपरे झोपेतल्या माणसांवर कोसळली. ढिगारे उपसायला लष्कर आले. त्या दिवसांपासून या भागात वर्दीकडे आपत्तीत धावून येणारे हात म्हणूनही पाहिले जाते, आणि निवृत्त फौजीकडून गावाची अपेक्षा वाढली तीही तेव्हापासूनच.

दाखल्यांचे काम बाहेरून किरकोळ वाटते, पण वर्षातले सर्वांत नाजूक काम तेच. पेन्शन आता ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून येते. ऑनलाइन दाखला भरताना वितरण करणारी संस्था म्हणून जुनी बँक निवडली किंवा बँकेच्या काळातला पी.पी.ओ. (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक टाकला, की दाखला निघतो पण योग्य जागी पोहोचत नाही आणि पेन्शन थांबते. तिथे ‘स्पर्श’च निवडायचे आणि स्पर्शने दिलेला नवा क्रमांक घालायचा. शेतात राबलेल्या म्हाताऱ्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. अशा वेळी मोबाइलवर चेहऱ्याची ओळख चालते. उजेड चेहऱ्यावर यावा, पाठीमागून नको, आणि पापण्या नीट मिटवून उघडायच्या, एवढे सांभाळले की काम होते.

खरी अडचण वीरपत्नींची आणि पेन्शनरांच्या विधवांची. नोकरी सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात नाव ‘कौसाबाई’, आधारवर ‘कौशल्या’, जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. नवरा हयात असताना ही दुरुस्ती साध्या अर्जावर होते. तो गेल्यावर प्रतिज्ञापत्र, ओळखीचे पुरावे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस आणि मग रेकॉर्ड ऑफिसचे उत्तर, यात महिने जातात. संघटनेने यंदा घरोघर जाऊन डिस्चार्ज बुक आणि आधार शेजारी ठेवून तपासले. माणूस जिवंत असताना करायचे हे काम आहे, आणि ते प्रत्येक तालुक्यात व्हायला हवे.

आता गाळ. 1972 च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर मराठवाड्यात ठिकठिकाणी पाझर तलाव झाले. पाझर तलावाचे पाणी कालव्याने द्यायचे नसते. ते तळातून मुरून खालच्या विहिरींना लागायचे असते. पन्नास वर्षांत उघड्या माळावरची माती वाहून आली, बारीक गाळाचा थर तळावर बसला आणि मुरण्याची वाटच बुजली. पाणी दिसते, उन्हाने उडून जाते, खालच्या विहिरी मात्र कोरड्याच. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढच्या वर्षी मे 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. यंत्राच्या इंधनाचा खर्च योजनेतून आणि वाहतूक शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने, अशी तिची पहिली रचना होती.

वादाचे मूळ या रचनेतच आहे. ज्याच्या दारात ट्रॅक्टर त्याचा गाळ, असे आपोआप होते. पोकलेन तासावर चालते आणि ट्रॉलीची वाट बघत उभे राहिले तर खर्च वाया जातो, म्हणून ज्याच्या ट्रॉल्या जास्त त्याचाच नंबर पुढे लागतो. दोन एकरवाल्याची पाळी येईपर्यंत पाऊस येतो. 2023 पासून गाळ नेणाऱ्या अल्पभूधारकाला घनमीटरला 35.75 रुपये अनुदान मिळू लागले. मर्यादा एकरी 15,000 आणि अडीच एकरांपर्यंत 37,500 रुपये. तरी भाड्याचा ट्रॅक्टर आधी रोखीने लागतो आणि अनुदान मागून येते.

संघटनेने दोन निर्णय घेतले आणि दोन्हींवर गावात वाद पेटला. पहिला पाळीचा. पहिले आठवडे विधवा, अपंग आणि अल्पभूधारक यांचे, त्यानंतर बाकीचे. प्रत्येक ट्रॉलीला पावती, गट नंबर लिहून. वीटभट्टीला एकही ट्रॉली नाही. ट्रॅक्टरवाल्यांचे म्हणणे असे की डिझेल आमचे, यंत्र थांबते तेव्हा नुकसान सगळ्यांचे, आणि फौजी लोक गावात पलटणीचा कायदा लावतात. यंत्र थांबण्याची तक्रार खोटी नव्हती. त्यावर काही ट्रॉल्या फक्त लहान शेतकऱ्यांसाठी ठरलेल्या भाड्याने लावल्या, तेव्हा ओळ हलू लागली. पाळीचा नियम योग्यच होता. तलाव सरकारी जागेत आहे आणि हजेरीवर राबून तो बांधणाऱ्यांत आजच्या अल्पभूधारकांचेच आई-बाप होते.

दुसरा निर्णय खोलीचा, आणि तो जास्त तापला. सुरुवातीला तळात ठरावीक अंतरावर चाचणी खड्डे घेऊन गाळाचा थर मोजला. काळा-करडा, बोटात चिकटणारा थर संपून पिवळसर मुरूम लागला की थांबायचे, असे ठरले. ‘आणखी दोन मीटर घ्या, पाणी वाढेल’ असा आग्रह होता. पण मुरूम हा गाळ नव्हे. तो गौण खनिज आहे, त्याला महसूलची परवानगी आणि स्वामित्वधन लागते. शिवाय भरावाखाली, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाखाली, काळी माती ठासून भरलेला चर असतो. आतल्या बाजूने भरावाच्या जवळ खोदले तर पाणी त्या चराखालून वाट काढते आणि भराव आतून पोखरतो. म्हणून भरावाच्या पायथ्यापासून 15 मीटरच्या आत बकेट लावू दिले नाही. जादा पाणी बाहेर पडते त्या सांडव्याच्या तोंडाशीही नाही. उभ्या कडांचे खड्डे सोडले तर पहिल्या पावसात त्यात जनावरे फसतात आणि पोहायला उतरलेली पोरे बुडतात. कडांना उतार दिला तो त्यासाठी.

मोजमापावरही ओढाताण झाली. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, सुमारे 2.83 घनमीटर. खोदलेली माती फुगते, त्यामुळे ट्रॉल्यांची बेरीज खड्ड्याच्या मापापेक्षा नेहमी जास्त भरते. त्यासाठी तळात मध्ये मध्ये मूळ उंचीचे मातीचे खांब सोडून शेवटी टेपने माप घेतले. अनुदानाच्या कागदाला तेच टिकते.

शेतातली बाजूही सांगायला हवी, कारण चूक तिथेच जास्त होते. एकरभर 10 सेंटिमीटर थर द्यायला सुमारे 400 घनमीटर, म्हणजे 140 ब्रास गाळ लागतो. हलक्या, मुरमाड रानाला तो मानवतो. भारी काळ्या रानात किंवा खारवट, चिकट चोपणात टाकला तर निचरा बंद होतो, पाणी साचते आणि तूर उभी वाळते. ढीग तसेच ठेवून मृगाची वाट पाहू नये. गाळ उन्हात तडकू द्यावा, पसरावा, नांगरून खालच्या मातीत मिसळावा आणि मग वखर मारावा. नुसता वर पसरलेला गाळ पहिल्या सरीनंतर पापडी धरतो आणि बी वर येत नाही.

मैदानावरच्या तयारीचे फार सांगण्यासारखे नाही. सैन्यासाठी 1.6 किलोमीटरची धाव आणि पुलअप्स. पोलीस भरतीसाठी मुलांना 7.260 किलोचा आणि मुलींना 4 किलोचा गोळा. डांबरी रस्त्यावर रोज पळवल्याने नडगी धरते, म्हणून मातीवर पळवतात.

या मैदानातूनच संघटनेपुढे नवा प्रश्न येतो आहे. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांनी 25 टक्क्यांपर्यंत अग्निवीर नियमित सेवेत राहतील, बाकीचे निवृत्तिवेतनाशिवाय आणि माजी सैनिक या दर्जाशिवाय परततील. लष्कराच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी 2023 च्या सुरुवातीला सुरू झाले, म्हणजे तिची चार वर्षे 2026 सरता सरता पुरी होतात. त्यांना सभासद करून घ्यायचे, तर संघटनेला सभासदत्वाचा नियम बदलावा लागेल, कारण आज अर्जासोबत डिस्चार्ज बुक आणि पी.पी.ओ. दोन्ही मागतात. नियम बदलावा असे म्हणणारे तलावावर रोज हजर असणाऱ्यांत जास्त आहेत.