सामाजिक छायाचित्रदालन

सामाजिक छायाचित्रदालन : वंश, जात, श्रम, विस्थापन अशा प्रश्नांतील अन्याय छायाचित्रांद्वारे लोकांपुढे मांडणारी व त्या चित्रांचा संग्रह राखणारी समकालीन कलासंस्था. लंडनमधील ‘ऑटोग्राफ’ (स्थापना १९८८) व ढाक्यातील ‘दृक’ (१९८९) ही तिची ठळक उदाहरणे होत.

तिच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक अमेरिकेतील छायाचित्रकार जेकब रीस (१८९० मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांवरील पुस्तक) व ल्यूइस हाइन (१९०८ पासून बालमजुरीचे चित्रण) यांच्यापर्यंत मागे जातात. परंतु त्यांची छायाचित्रे मुख्यतः पुस्तके, अहवाल व व्याख्यानांतून लोकांपर्यंत पोहोचली. चित्रण, शिक्षण व प्रदर्शन एकत्र आणणाऱ्या न्यूयॉर्कच्या ‘फोटो लीग’पासून (१९३६–५१) आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

कोकण किनाऱ्यापुरता उगमाचा हा प्रश्न मुंबईशी जोडला जातो. तेथे १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था निघाली व भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यात होते. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातिजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले (१८६३ व १८६६). त्यांपैकी दुसरा मराठी मुलखाविषयी आहे. त्यातील अनेक चित्रे जोडचित्रे आहेत. व्यक्तींचे चित्रण बहुधा स्टुडिओत करून त्यांच्या आकृती दुसऱ्या काचपट्टीवरील (काचेच्या निगेटिव्हवरील) निसर्गदृश्यावर किंवा इमारतींच्या पार्श्वभूमीवर बसविल्या जात. बारकाईने पाहिल्यास सांधा ओळखू येतो. त्यामुळे वेशभूषेसाठी ही चित्रे काही अंशी उपयोगी असली, तरी मागे दिसणारा परिसर त्या माणसांचाच होता असे गृहीत धरता येत नाही. या खंडांना सामाजिक छायाचित्रणाचा प्रारंभ म्हणण्याचा मोह टाळावा. माणसाला व्यक्ती न मानता जातीचा ‘नमुना’ करणारी हीच दृष्टी पुढील दालनांनी तपासायला घेतली.

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह (मार्च १९२७) व खोतीविरुद्धचा (खोत या महसूल वसूल करणाऱ्या मध्यस्थांच्या पद्धतीविरुद्धचा) चरी गावचा शेतकरी संप (१९३३–३९) हे या किनाऱ्यावरील न्यायलढे मुख्यतः वृत्तपत्रे, ठराव व आठवणींतून ज्ञात आहेत. त्यांवरील प्रदर्शनात लिखित साधने व त्या स्थळांची आजची छायाचित्रे शेजारी ठेवणे म्हणूनच इष्ट. श्रमाच्या चित्रणात छायाचित्रकार सुधारक ओलवे (पद्मश्री, २०१६) यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेले दीर्घकालीन काम महत्त्वाचे आहे. गोव्यात ‘गोवाफोटो’ (२०१५ पासून) या महोत्सवाने प्रदर्शने दालनाबाहेर, राहत्या घरांतही नेली. अर्थात त्याचा विषय सामाजिक न्यायापुरता मर्यादित नाही.

जतनाची अडचण येथे विशेष तीव्र आहे. छायाचित्रावरील जिलेटिनचा थर दमट हवेत फुगतो, मऊ पडतो, त्यावर बुरशी धरते व एकमेकांवर रचलेली चित्रे चिकटतात. संग्रहासाठी साधारणतः ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य समजली जाते. कोकणात पावसाळ्यात ती अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. चिकटलेली चित्रे कोरडी ओढू नयेत. ती स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलकेच सुटी करता येतात, मात्र आधीच बुरशीने थर विरघळला असेल तर पाणी लावणेच घातक. जुलै २०२१ च्या पुरात महाड व चिपळूण दोन्ही शहरे बुडाली होती. अशा ठिकाणी मूळ चित्रे व काचपट्ट्या वरच्या मजल्यावर, तर डिजिटल प्रती दुसऱ्या गावी ठेवणे आणि फिरत्या प्रदर्शनासाठी केवळ नव्या प्रती वापरणे श्रेयस्कर ठरते.